झडतीवालीची पदवी

त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरीदारी प्रत्येकाला तिनं वेगळं कारण सांगितलं. नवऱ्याला म्हणाली, "पदवी असली की निदान सुपरवायझर तरी करतील." मुलीला म्हणाली, "तुझ्याबरोबर मीही अभ्यासाला बसेन, तेवढाच तुला धाक." शेजारीण फारच खोदून विचारायला लागली तेव्हा तिला म्हणाली, "संध्याकाळी घरी बसून अंगाला गंज चढतो हो."

तिन्ही कारणं अगदीच खोटी नव्हती. पण खरं कारण एका माहितीपुस्तकात चौदाव्या पानावर होतं. मुलगी बारावीनंतर काय करायचं म्हणून कुठल्याशा शैक्षणिक प्रदर्शनातून पुस्तकांचा ढीग घेऊन आली होती. त्यातलं एक सहज चाळताना तिचा हात थांबला. 'सुरक्षा व्यवस्थापन, तीन वर्षांची पदवी, नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग.' खाली शिकवणाऱ्यांचे फोटो. शेवटच्या ओळीत निळा कोट घातलेला, मान किंचित तिरकी करून हसणारा एक माणूस. फोटोखाली लिहिलेलं होतं, 'तिसरे वर्ष. विषय : अंतर्गत चौकशी.'

त्या माणसानं पाच वर्षांपूर्वी तिचा केसानं गळा कापला होता.

तेव्हा ती एका औषधाच्या गोदामात होती. मोठ्या फाटकाच्या डाव्या हाताला बायकांच्या झडतीची खोली. खोली म्हणायची ती कौतुकानं, कारण हिरवा पडदा ओढला की आत दोन माणसं जेमतेम मावायची. एक स्टूल, एक टेबल, धातू लागला की शिट्टी मारणारा, हातात धरायचा दांडा. पाळी सुटली की पॅकिंगच्या दीडशे बायका रांगेनं यायच्या. हात वर, पाठ फिरवा, झालं, जा. अकरा वर्षं तिनं हे केलं. कुणाच्या अंगावर माराचे वळ आहेत, कुणाला दिवस गेलेत, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं, पण तिच्या तोंडून त्यातलं अक्षर कधी बाहेर पडलं नाही. बायका तिला 'झडतीवाली' म्हणायच्या आणि लेकीबाळींचे प्रश्न तिच्याच कानात सांगायच्या.

नोकरी मिळाली होती ती दादाच्या शब्दावर. तिचा थोरला भाऊ त्याच गोदामात साठ्याचा हिशेबनीस होता. "माझी बहीण आहे, डोळे मिटून घ्या," असं त्यानं वर जाऊन सांगितलं होतं.

एका मोजणीला चोवीस डब्या कमी भरल्या. मुठीएवढ्या डब्या, पण आतलं इंजेक्शन फार महागाचं. गोदामात धावपळ उडाली. वरून विचारणा झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरक्षाप्रमुख साहेबांनी तिला निरोप धाडला, "पाच मिनिटं या जरा."

ती बाहेर पडली तेव्हा पाच वाजले होते.

साहेब ओरडले असते तर ती ओरडून बोलली असती. ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला ताई म्हटलं, चहा मागवला, मुलगी कितवीत आहे विचारलं. मग तेच ते, तेच ते. डब्या बायकांच्या कपड्यांतूनच गेल्या असणार. झडती तुमच्याकडे. म्हणजे एकतर तुम्ही सोडल्यात, नाहीतर तुम्हाला झडती येत नाही. चार वाजेपर्यंत ती नाही म्हणत राहिली. मग साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमचा दादा मोजणीला होता. उद्या पोलीस आले की पहिला हात त्याच्या कॉलरला. माझ्या हातात असतं तर मी त्याला वाचवलं असतं. पण कुणीतरी लिहून दिल्याशिवाय विषय संपत नाही."

"मी लिहून दिलं तर दादाला काही होणार नाही?"

"माझा शब्द आहे. त्याच्या कानावरसुद्धा घालणार नाही, तुम्ही का लिहिलंत ते."

तेवढा एक शब्द साहेबांनी पाळला. तिनं लिहून दिलं, की ओळखीच्या बायकांना मी झडती न घेता सोडत होते आणि त्यातून माल बाहेर गेला. दादाची नोकरी राहिली. तिची गेली. तिनं का लिहिलं हे दादाला खरंच कुणी सांगितलं नाही. त्याच्यापर्यंत पोचला तो फक्त कागद.

"तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय," असं दादा नात्यागोत्यात सांगत सुटला. "मी शब्द टाकला होता तिच्यासाठी. मान खाली घालायला लावली तिनं." त्यानं येणंजाणं तोडलं. तिलाही वाटलं, मला विचारायला एकदा तरी येईल. तो आला नाही, आणि आपण होऊन सांगायला जाईल इतकी ती मऊ नव्हती.

कामगार कार्यालयात तिनं एक अर्ज करून पाहिला. गोदामानं उत्तरादाखल कागदांचा गठ्ठा पाठवला, अधिकाऱ्यानं वरचा कबुलीजबाब वाचला आणि फाईल मिटली. "बाई, सही तुमचीच ना? मग मी काय करू?" पुढं कुठल्याच एजन्सीनं तिला उभं केलं नाही. नावापुढं शेरा होता. मग म्हाताऱ्या माणसांची सेवा कर, शाळेच्या बसमध्ये पोरं चढव-उतरव, असं करत पाच वर्षं गेली. आणि मग ते चौदावं पान.

तिचा पहिला बेत अगदी साधा होता. तिसऱ्या वर्षापर्यंत पोचायचं. त्याच्या पहिल्याच तासाला सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं आणि त्याची लक्तरं काढायची. भांडी घासताना ती वाक्यं जुळवायची. कधी त्या वाक्यांच्या शेवटी त्याच्या तोंडावर थुंकायची, कधी चप्पल काढायची. एकदा रंगात येऊन तिनं काचेचा पेलाच फोडला. मुलगी धावत आली. "काय झालं आई?" "काही नाही गं, निसटला."

वर्गात तीस जण होते, तिच्याखेरीज सगळे कुठं ना कुठं पहारा देणारे. ती त्यांच्यात थोरली, म्हणून मावशी. बाकावर शेजारी बसायचा तो एका बँकेच्या दारावरचा गार्ड होता. त्याला सगळे बँकवाला म्हणायचे. तिशीचा, तोंडाळ, सतत फिदीफिदी करणारा. "मावशी, आपण दिवसभर उभे राहतो आणि संध्याकाळी इथं बसायला येतो. बाकी पदवी गेली खड्ड्यात, बसायला मिळतं हे काय कमी आहे?"

शिकायला आलेली नव्हती, तरी तिला विषय आवडायला लागले, आणि याचा तिला रागच यायचा. कॅमेरा कुठं लावला की आंधळा कोपरा उरतो, आगीच्या वेळी माणसं ओळखीच्या दाराकडेच का पळतात, कुलपापेक्षा किल्ल्यांची यादी का महत्त्वाची. सिनेमाला गेलं की ती आधी बाहेर पडायची दारं मोजायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बोलणं कमी, पण वेळेवर. "अगं, आपण सिनेमाला आलोय, पाहणीला नाही."

दुसऱ्या वर्षी मालवाहतुकीचा विषय शिकवायला एक तरुण बाई होत्या. एके दिवशी त्यांनी पिशवीभर सीलं आणून बाकाबाकावर वाटली. ट्रकच्या दाराला लावतात ती, प्लास्टिकची, एकदा लावली की तोडल्याशिवाय न निघणारी. प्रत्येकावर वेगळा नंबर.

"माल पाठवणारा हा नंबर कागदावर लिहितो," बाई सांगत होत्या. "गाडी आली की फाटकावरचा माणूस दारावरचा नंबर पाहतो आणि कागदाशी ताडतो. जुळला तर गाडी आत. नाही जुळला, तर वाटेत कुणीतरी दार उघडून दुसरं सील लावलंय. गाडीला हात लावायचा नाही, ड्रायव्हरसमोर माल मोजायचा. न बघता ज्यानं सही केली, तूट त्याच्या गळ्यात."

तिच्या हातातलं सील तसंच राहिलं. बँकवाला काहीतरी विनोद करत होता, तो तिला ऐकू आला नाही.

रविवारी दुपारी नवरा आणि मुलगी बाहेर गेल्यावर तिनं कपाटावरची पिशवी काढली. कामगार कार्यालयातून मिळालेला गठ्ठा. पाच-सहा वर्षांत तिनं तो शंभरदा उघडला होता, पण दर वेळी स्वतःचा कबुलीजबाब वाचायची आणि रडून बंद करायची. बाकीची पानं तिला नुसती आकड्यांची जंगलं वाटायची. आता तिनं ती एकेक करून जमिनीवर मांडली. त्याच इंजेक्शनांच्या गाडीचा, पाठवणाऱ्या कंपनीचा कागद : सील नंबर, शेवटचे आकडे तीन एक आठ. गोदामाच्या आवक रजिस्टरचं पान, तीच गाडी, तीच तारीख : नऊ शून्य दोन. पुढच्या रकान्यात 'कागदाशी जुळले' आणि भली मोठी बरोबरची खूण. खाली सही. फाटकावरचा कारकून त्या दिवशी रजेवर होता, म्हणून गाडी साहेबांनी स्वतः आत घेतली होती.

डब्या गोदामात आल्याच नव्हत्या.

चौकशीचा गठ्ठा जाड दिसावा म्हणून साहेबांनी हाताला लागतील ते कागद जोडले होते, आणि त्यांतच स्वतःच्या गळ्याचा फास बांधून दिला होता. इतकी वर्षं तो तिच्या कपाटावर पडून होता. तिला वाचता येत नव्हतं, एवढंच.

ती बराच वेळ त्या पानांमध्ये मांडी घालून बसली. रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. आलं ते हसू, आणि ते चांगलं हसू नव्हतं. थुंकणं आणि चप्पल हे दोन्ही बेत तिनं त्याच दुपारी रद्द केले. इतक्या स्वस्तात त्याला सोडायचं नव्हतं.

तिसरं वर्ष सुरू झालं. आता पहिल्याच तासाला चेहऱ्याला चेहरा भिडणार होता. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, अंग सुटलं होतं, तरी ती भिंतीकडेला डोकं खाली घालून बसली. सर आत आले. तोच कोट असावा. हजेरी घेताना तिच्याकडे पाहून हसले. "वा मावशी! या वयात? शाबास." आणि पुढच्या नावाकडे गेले.

त्यांनी ओळखलं नाही. तिचं आयुष्य उलटंपालटं करून टाकलं आणि तिचा चेहरासुद्धा लक्षात ठेवला नाही. तिला लपावंच लागलं नाही, याचाच तिला संताप आला. त्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर बसायला लागली.

सर शिकवायचे झकास, हे तिलाही नाकारता आलं नाही. स्वतःवर बेहद्द खूश असायचे. गैरहजर राहणाऱ्यांसाठी कॉलेज तासांचं चित्रीकरण करून ठेवायचं. सर कॅमेऱ्याकडे तोंड करूनच बोलायचे. चौथ्या महिन्यात कबुलीजबाबावरचा तास होता.

"धमकी देणारा कच्चा," सर म्हणाले. "प्रत्येक माणसाला एक बिनकुलपाचं दार असतं. ते शोधायचं. माझंच उदाहरण सांगतो. एका गोदामात माल गेला. एक झडतीवाली बाई होती. सहा तास नाही म्हणत होती, दगड नुसती! मग मला कळलं, हिचं दार म्हणजे हिचा भाऊ. म्हटलं, त्याला पोलीस नेतील. पुढच्या अर्ध्या तासात कागद माझ्या हातात!" आणि सरांनी आवाज बारीक केला, पदर डोळ्यांना लावल्यासारखं केलं. "'साहेब, माझ्या दादाला नका हो सांगू!'"

वर्ग हसला. बँकवाला तर बाकावर हात आपटून हसला. ती लिहीत होती. शब्द न् शब्द, तारीख घालून. पेन कागदात रुतत होतं. लिहून झाल्यावर तिनं हात वर केला.

"सर, भावाविरुद्ध पुरावा काही होता का?"

"छे! तीच तर गंमत."

"आणि मग माल सापडला का?"

"माल कशाला सापडतोय? पण प्रकरण मिटलं ना! चौकशी अधिकाऱ्याचं काम प्रकरण मिटवणं, मावशी."

"बरं," ती म्हणाली आणि तेही लिहून घेतलं.

तिच्या प्रकल्पाचं नाव अगदी निरुपद्रवी होतं. 'सील तपासणीतील चुका व त्यांचे परिणाम : एका औषध गोदामाचा अभ्यास.' मार्गदर्शक मालवाहतुकीच्या बाई. त्यांना तिनं सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "नावं झाका. आकडे दोनदा तपासा. आणि चिडून एकही वाक्य लिहू नका." तिनं अहवाल चार वेळा लिहिला. मुलीनं टाइप करून दिला आणि तिसऱ्या परिशिष्टाशी आल्यावर संगणकावरचे हात काढून आईकडे बघत राहिली. "आई, ही तू आहेस?" "टाइप कर," ती म्हणाली.

तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे दोघं होते. सर, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. या बाईंनी वीस वर्षं एका बंदराची सुरक्षा सांभाळली होती. केस बारीक कापलेले, हातात पेन्सिल. सर प्रकल्प आधी वाचत नाहीत हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. समोर पडलेला अहवाल त्यांनी पत्त्यांसारखा फरफर उलटला.

"बसा मावशी. घाबरायचं नाही. पाच मिनिटांत सांगा."

तिनं सांगितलं. गाडी कधी निघाली, कधी पोचली, कागदावरचा नंबर, दारावरचा नंबर. तूट निघाल्यावर चौकशी कशी झाली आणि एका झडती घेणाऱ्या बाईच्या माथी ती कशी मारली. परीक्षक बाई पेन्सिलनं दोन्ही नंबरांखाली रेघ ओढत होत्या.

"हे रजिस्टरमधलं अक्षर कुणाचं?"

"तिथल्या सुरक्षाप्रमुखांचं."

"कोण ते?"

"नाव मी झाकलंय मॅडम, तसा नियम आहे. पण ते इथंच बसलेत. त्यांना वाटलं तर ते सांगतील."

सरांचं हसू तोंडावरच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा काढून घेतल्यासारखं झालं. त्यांनी अहवाल ओढून घेतला. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. रजिस्टरचं पान पाहिलं, सही पाहिली. आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही..."

"झडतीची खोली," ती म्हणाली. "हिरवा पडदा. अकरा वर्षं."

"हा... हा सूड आहे!" सर परीक्षक बाईंकडे वळले. "मॅडम, ही बाई चोरीत सापडलेली आहे. हा प्रकल्प नाही, सूड आहे. हे बादच करायला हवं."

"असेल सूड," परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या. "मी आकडे बघतेय. आकडे जुळत नाहीयेत."

"सर, एक विचारू?" तिचा आवाज तिलाच परका वाटला, इतका तो स्थिर होता. "चौकशीच्या अहवालाला हे दोन्ही कागद तुम्हीच जोडलेत. जोडताना नंबर पाहिले होते का?"

सरांनी ओठ ओले केले.

"पाहिले होते म्हणालात, तर डब्या आल्याच नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही मला लिहायला लावलंत. नव्हते पाहिले म्हणालात, तर चौकशी कशी करायची हे आम्हाला वर्षभर कोण शिकवतंय? दोन्हीपैकी जे असेल ते सांगा. मला घाई नाही."

सरांच्या कपाळावर घाम आला, आणि तो तिनं डोळे भरून पाहिला. आपल्याला आता दया येईल की काय, म्हणून ती क्षणभर थांबली. आली तर काय करायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. पण ती आली नाही. आला तो आनंद, चांगला घसघशीत, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

"घाईत... राहून गेलं असेल बघायचं," सर म्हणाले.

"म्हणजे पाहिले नव्हते," परीक्षक बाईंनी लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं. "आणि हे परिशिष्ट तीन? हे तुमच्या तासातलं आहे?" त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'म्हटलं, त्याला पोलीस नेतील...' भावाविरुद्ध पुरावा होता का, असं विचारल्यावर, 'छे, तीच तर गंमत.' हे तुम्ही म्हणालात?"

"उदाहरणादाखल... वर्गात जरा रंगवून सांगावं लागतं..."

"चित्रीकरण आहे मॅडम," ती म्हणाली. "कॉलेजनंच केलेलं. सरांचा चेहरा अगदी स्पष्ट आलाय."

पुढं जे झालं ते तिला फारसं काही करावं न लागता झालं. परीक्षक बाईंनी प्राचार्यांना दोन पानी पत्र लिहिलं. ते चित्रीकरण कॉलेजनं तातडीनं काढून टाकलं, पण तोवर बँकवाल्यानं ते उतरवून घेतलं होतं. तो तिच्या समोर येऊन उभा राहिला तेव्हा नेहमीचं फिदीफिदी कुठं गेलं होतं कोण जाणे. "मावशी, मी हसलो होतो त्या दिवशी." "हो, मी ऐकलं," ती म्हणाली. त्यापुढं तिनं त्याला काही धीर दिला नाही. त्यानं मात्र पुढच्या आठ दिवसांत ते चित्रीकरण शहरातल्या झाडून सगळ्या गार्डांच्या फोनवर पोचवलं. गोदामाला तिनं अहवालाची प्रत रीतसर पोचपावती घेऊन दिली. गोदामातली नोकरी सोडून सरांनी स्वतःची सुरक्षा एजन्सी काढली होती आणि त्या गोदामाचं कंत्राट तिच्याकडेच होतं. दीड महिन्यात ते काढून घेतलं गेलं. कॉलेजनं विषय दुसऱ्याला दिला. तिच्या नावापुढचा शेरा रद्द केल्याचं पत्र गोदामाकडून आलं, अडीच ओळींचं. क्षमा हा शब्द त्यात कुठंही नव्हता. तिनं ते मुलीला वाचायला दिलं आणि सरांच्या पुढच्या कंत्राटांची चौकशी करायला बसली. आणखी दोन ठिकाणी प्रती गेल्या.

तिसरी जायच्या आधी सर तिच्या दारात उभे राहिले. कोट नव्हता. नवऱ्यानं दार उघडलं, चित्रीकरणातला माणूस ओळखला आणि बाजूला झाला.

"ताई," सर म्हणाले. सात-आठ वर्षांनी तोच शब्द, तोच मऊ आवाज. "माझं काय व्हायचं ते झालं. पण माझ्याकडे चाळीस गार्ड आहेत. चाळीस घरं आहेत ताई. तुम्ही स्वतः त्या जागी उभ्या राहिलेल्या आहात. त्यांच्या पोटावर पाय..."

तिसरी प्रत थांबवावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिच्या लक्षात आलं, की हा माणूस दारात उभा राहून दुसरंच दार शोधतोय.

"एजन्सी बदलली की गार्ड घरी जात नाहीत," ती म्हणाली. "खांद्यावरची पट्टी बदलते आणि माणूस तिथंच उभा राहतो. हे मला ठाऊक आहे. तुमच्या कॉलेजात नाही शिकले मी ते."

सरांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं लिहून देतो. माफी. जे म्हणाल ते. सही करतो."

"मी म्हणेन ते?"

"शब्द न् शब्द."

"मग तो कागद काय कामाचा?" ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं. त्याची किंमत किती असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. जा तुम्ही."

तिनं दार लावलं. तिसरी प्रत दुसऱ्या दिवशी गेली. नवरा रात्री जेवताना म्हणाला, "आता पुरे की गं." ती म्हणाली, "मला अजून भूक आहे." आणि तो ताटावरची नजर उचलून तिच्याकडे बघत राहिला, कारण तिच्या ताटात काही उरलेलं नव्हतं.

दादालाही तिनं अहवाल पाठवला होता. पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसता अहवाल. तो एका रविवारी आला. दारातच त्याचा बांध फुटला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

"तू लिहून दिलं होतंस गं..."

"हो. आणि तू वाचलंस. वाचून चार घरी सांगून आलास. या घरी आला नाहीस."

तिनं त्याला चहा दिला आणि आत जाऊन कपडे वाळत घालत बसली. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. नवरा आणि तो बसून लिफ्टबद्दल बोलायचे. तिसऱ्या महिन्यात ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली, पण अजूनही ती त्याच्याशी हातचं राखूनच बोलते. दादा म्हणतो, "तेवढंही पुष्कळ आहे."

निकाल लागला, प्रथम श्रेणी. तोंडी परीक्षेत सरांनी सही न करताच गुणपत्रिका ठेवून दिली होती. परीक्षक बाईंनी एकटीच्या सहीनं शंभरपैकी ब्याण्णव दिले. पदवीचं भेंडोळं मुलीनं प्लास्टिकमध्ये घातलं.

पहिल्या मुलाखतीत एका गृहस्थांनी तिला विचारलं, "या वयात ही पदवी का घ्यावीशी वाटली?" तिनं चौथ्यांदा खोटं बोलायचं टाळलं. "एका माणसाचा सूड उगवायचा होता," ती म्हणाली. गृहस्थ हसले, मग तिचा चेहरा पाहून थांबले. ती नोकरी मिळाली नाही.

दुसरी मुलाखत एका मोठ्या इस्पितळात होती. तिथं तिला कारण कुणी विचारलं नाही. इमारतीभोवती एक फेरी मारायला लावली आणि काय दिसलं ते सांगा म्हणाले. तिनं सांगितलं : तळमजल्यावरचं आगीचं दार बाहेरून खोक्यांनी अडलंय, औषधांच्या खोलीच्या दोन किल्ल्यांचा पत्ता नाही, आणि मागच्या फाटकावरची गार्ड मुलगी सकाळपासून उभी आहे, तिला बसायला द्या. सोमवारपासून ती कामावर रुजू झाली.